जुना बॉयलर आणि माणसाची कंबर

इचलकरंजीच्या परिसरात सायझिंगचे कारखाने पुष्कळ. यंत्रमागावर चढवण्यापूर्वी सुताला खळ लावायची आणि ते ओले सूत वाफेने तापलेल्या सिलिंडरवरून फिरवून वाळवायचे, म्हणजे तिथे बॉयलर आलाच. बॉयलर जुना झाला की तो काढून नवा बसवावा लागतो. नवा बसवणाऱ्याचे सर्वांना कौतुक असते, जुना काढणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. आज त्या जुना काढणाऱ्या माणसाच्या कंबरेबद्दल लिहायचे आहे. वाचकांपैकी फार थोडे जण बॉयलर काढत असतील हे मला ठाऊक आहे. परंतु कपाट सरकवणारे, पंप विहिरीतून वर घेणारे, सिमेंटची पोती उतरवणारे आणि गॅसचा सिलिंडर जिन्यावरून वर नेणारे तर घरोघरी आहेत. कंबर सर्वांची एकाच प्रकारे दुखावते.

या विषयाकडे मी वळलो तो एका मिस्त्रीमुळे. वय ४६, अंगाने काटक, विडी नाही, तंबाखू नाही. बॉयलर खोलणाऱ्या टोळीचा हा मुकादम. आठ-नऊ वर्षे तो माझ्याकडे येत असे. "डॉक्टर, उसण भरली, एक इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय," हे त्याचे ठरलेले वाक्य आणि इंजेक्शन देणे हे माझे ठरलेले काम. नऊ वर्षांत तू नेमके काय उचलतोस आणि कसे उचलतोस, हे मी त्याला एकदाही विचारले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सोमवारी सकाळी दोघांनी धरून त्याला दवाखान्यात आणले, तेव्हा विचारले.

हकीकत अशी. बारा दिवस एका जुन्या बॉयलरचे काम चालले होते. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जड सामान बाहेर गेले होते. शेवटी पान्यांची पेटी टेम्पोत ठेवायला तो वाकला. पेटी दहा किलोचीही नसेल. कंबरेत कट्‌कन झाले आणि तो तिथेच बसला. शनिवारी दोन्ही पाय मुंग्या आल्यासारखे जड झाले. घरच्यांनी गावातल्या पायाळू माणसाकडून कंबरेला लाथ मारून घेतली. रविवारी लघवीला झाली नाही. "उन्हानं कमी झाली असंल म्हटलं," असे तो मला सांगत होता. मी तपासले तर बैठकीची जागा, म्हणजे खोगीर जिथे टेकते तेवढा भाग, बधिर होता. टाचणी टोचलेली कळत नव्हती. नळी घातल्यावर जवळजवळ एक लिटर लघवी निघाली. ती भरलेली असूनही त्याला कळत नव्हते. त्याच तासाला त्याला मोठ्या गावी शस्त्रक्रियेसाठी पाठवले. पुढचे पुढे सांगतो.

तो परत आल्यावर मी त्याच्या टोळीचे काम पाहायला गेलो. खरे तर नऊ वर्षांपूर्वीच जायला हवे होते. माझी समजूत अशी होती की बॉयलर कित्येक टनांचा असतो, तेव्हा तो क्रेनच उचलणार, माणसाने काय उचलायचे? मालकांचीही समजूत हीच असते. पण क्रेन येते ती शेवटच्या दिवशी. तोपर्यंत बॉयलर सुटा करण्याचे सगळे काम हाताने होते. भोवतीचे विटांचे बांधकाम फोडायचे. भट्टीतील एकेक वीट साडेतीन-चार किलोची, आणि अशा शेकडो. शेगडीच्या बिडाच्या जाळ्या राखेत रुतून बसलेल्या. चार इंची वाफेचा पाइप मीटरला सुमारे १२ किलो भरतो, म्हणजे वीस फुटी पाइप सत्तर किलोच्या वर, आणि तो डोक्याच्या उंचीवर टांगलेला. व्हॉल्व्ह बिडाचे, धरायला कड नसलेले, तेलकट. त्यांतले अनेक जोड वर्षानुवर्षांच्या गंजाने वितळवल्यासारखे एकजीव झालेले.

सर्वांत वाईट जागा भट्टीच्या नळकांड्याच्या आत. एक माणूस आत ओणवा बसून विटा सोडवतो आणि मागे न पाहता कंबरेतून वळून मागच्याच्या हातात देतो. तासात दीडशे-दोनशे वेळा वाकणे, उचलणे आणि वळणे, तिन्ही एकदम. सरळ होण्याएवढी उंचीच तिथे नसते. बाहेर उभे राहून सत्तर किलोचा पाइप उचलणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष होते. मला मात्र त्या आतल्या, चार किलो उचलणाऱ्या पोराची जास्त काळजी वाटली.

ती का, हे समजण्यासाठी पाठीचा कणा जरा जवळून पाहू. एकावर एक रचलेले मणके आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी. गादीच्या मध्यभागी पाणीदार, लिबलिबीत गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे अनेक पदर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. एका पदरातील तंतू डावीकडे तिरपे, तर पुढच्यातील उजवीकडे. सरळ दाब आला तर सगळे पदर मिळून तो झेलतात. कंबर पिळली की मात्र एकाच दिशेचे तंतू ताणले जातात, दुसरे सैल पडतात, म्हणजे निम्म्याच पदरांवर सगळा भार येतो. त्यात माणूस पुढे वाकलेला असेल तर गर मागच्या बाजूला ढकलला जातो. मागे काय आहे? पायांकडे जाणाऱ्या नसा. वाकणे आणि पिळणे एकत्र आले की मागचे पदर एकेक करून चिरत जातात. गंमत अशी की गादीच्या आतल्या भागात दुखणे कळवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात. चिरा पडत असतात आणि माणूस खुशाल काम करत असतो. मिस्त्रीची गादी पान्यांच्या पेटीने फाटली नाही. ती वीस वर्षे चिरत आली होती. पेटीने शेवटचा पदर उघडला, एवढेच.

आता वजनाचा हिशेब. कंबरेचे स्नायू गादीच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. हातातले ओझे मात्र पुढे असते. समजा ३० किलोचा व्हॉल्व्ह अंगापासून ४५ सेंटिमीटरवर धरला. तराजूची एक दांडी पाच सेंटिमीटरची आणि दुसरी पंचेचाळीसची. तोल राखायचा तर मागच्या स्नायूंना नऊपट, म्हणजे २७० किलोएवढा जोर लावावा लागेल. तोच व्हॉल्व्ह अंगाशी घेऊन २० सेंटिमीटरवर धरला, तर १२० किलोत भागते. व्हॉल्व्ह तोच, माणूस तोच, पण कंबरेचा भार निम्म्याहून कमी. यात वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन धरलेले नाही. ते धरले तर गादीवरचा भार आणखी कितीतरी वाढतो. हा झाला ढोबळ हिशेब. पण १९६० च्या दशकात स्वीडनमधील अस्थितज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी माणसांच्या कंबरेच्या गादीत बारीक सुई घालून दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हाही वाकून ओझे धरल्यावर तो सरळ उभे असतानाच्या दुपटीच्या वर गेलेला आढळला.

म्हणून "किती किलो उचलावे?" या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमातही इजा होईल इतके वजन उचलायला लावू नये असे म्हटले होते. पण मला जास्त उपयोगी वाटते ते ब्रिटनचे कोष्टक. तिकडे घरे उबदार ठेवण्यासाठी घराघरात बॉयलर असतो आणि तो बसवणाऱ्या-काढणाऱ्याला हीटिंग इंजिनिअर म्हणतात. नाव मोठे असले तरी अरुंद जिन्यावरून बिडाचा जुना बॉयलर खाली आणताना त्याच्या कंबरेचे हाल आपल्या मिस्त्रीसारखेच होतात. तिथे ओझे हाताळण्याचे नियम १९९२ मध्ये झाले. त्यांच्यासोबतचे मार्गदर्शन पुरुषांसाठी असे आहे: कंबरेच्या उंचीवर आणि अंगालगत असेल तर २५ किलो. तिथेच, पण हात लांब करून धरावे लागत असेल तर १५. जमिनीवरून अंगालगत उचलायचे तर १०. आणि जमिनीवरून हात लांब करून उचलायचे तर फक्त ५ किलो. यापुढे गेलात तर गुन्हा झाला असे नाही, पण थांबून विचार करा, अशी ही खूण आहे. हे आकडे मी टोळीला सांगितले तेव्हा ५० किलोची पोती वाहिलेली ती पोरे हसली. पण पाच किलोचा आकडा ऐकून नळकांड्यातून बाहेर आलेला पोरगा हसला नाही.

अशा कामात आणखी एक घात असतो, तो म्हणजे अडकलेली वस्तू एकदम सुटणे. गंजलेला नट सोडवताना, पहार घालून जाळी उचकटताना माणूस सगळा जीव लावतो, आणि ती अचानक निसटते. जोर कुठे जाणार? तो कंबरेतून आणि खांद्यातून जातो. असे जोड आधी तेल मुरवून, तापवून किंवा सरळ गॅस कटरने कापून घ्यावेत. भंगारातच जायचे असेल तर पाइप अखंड ठेवण्यात कसला फायदा? सहा मीटरचा पाइप तीन ठिकाणी कापला की चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा एका माणसाच्या आवाक्यात येतो. ब्रिटनमधले बिडाचे बॉयलरही पुष्कळदा असेच खण सुटे करून बाहेर काढतात. वरचा तुकडा कापण्यापूर्वी मात्र तो चेन पुलीला बांधलेला हवा. खांद्यावर झेलायचा नाही.

कामाच्या वेळेबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण याची कल्पना फार कमी लोकांना असते. रात्रभर आडवे राहिल्याने गादी पाणी शोषून फुगते. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडी अधिक असते, ती यामुळेच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. म्हणून उठल्या उठल्या पहिल्या तासात वाकून जड उचलणे टाळावे. दुसरी गोष्ट टेम्पोची. ही मंडळी तास-दोन तास टेम्पोच्या हौद्यात गुडघे पोटाशी घेऊन, हादरे खात येतात आणि उतरल्याबरोबर सामान उतरवू लागतात. तेवढ्या वेळात कण्याचे बंध सैल झालेले असतात. उतरल्यावर दहा मिनिटे चालावे, हात वर करून दोन-चार वेळा मागे वाकावे, चहा घ्यावा आणि मग ओझ्याला हात लावावा. या दहा मिनिटांना कुठलाच मालक नाही म्हणणार नाही, निदान मी भेटलेला तरी म्हणाला नाही.

दोघांनी मिळून उचलले म्हणजे दुप्पट उचलता येते, हाही एक समज. दोघांची मिळून ताकद बेरजेच्या दोन-तृतीयांश धरावी आणि तिघांची निम्मी, कारण सर्वांचा जोर एका क्षणी लागत नाही. एकाने सोडले की सगळे दुसऱ्यावर येते. म्हणून हुकूम देणारा एकच असावा. आपल्या जुन्या हमालांची "हैय्या" ही हाक उगाच नाही. तिने सर्वांचा जोर एका ठोक्यावर येतो आणि ओरडताना श्वास बाहेर पडतो. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. चाळिशीपुढच्या आणि रक्तदाब असलेल्या माणसाने हे विशेष लक्षात ठेवावे. जांघेत फुगवटा येऊन तो झोपल्यावर आत जात असेल तर तो हर्निया. तोही अशाच जोराने उघडकीला येतो. त्याला पट्टा बांधून काम रेटू नये.

पट्ट्यावरून आठवले. कंबरेचा रुंद पट्टा बांधला की कंबर सुरक्षित, असे समजून पुष्कळजण तो विकत घेतात. धडधाकट कामगाराला पट्ट्याने इजा टळते असा पुरावा मिळत नाही, असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९४ मध्येच सांगितले. उलट पट्ट्याच्या भरवशावर माणूस जास्त उचलायला जातो.

कंबरेचा विषय असला तरी एका धोक्याची सूचना दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुन्या बॉयलरवर आणि पाइपांवर उष्णता धरून ठेवण्यासाठी पांढरट-करडे लिंपण असते. ते ॲस्बेस्टॉसचे असू शकते. हातोड्याने ते झोडले की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, फुप्फुसात रुततात आणि वीस-चाळीस वर्षांनी छातीचा कर्करोग होऊन वर येतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात हा धोका कित्येक पटींनी वाढतो. तोंडाला बांधलेला टॉवेल हे तंतू अडवत नाही. लिंपण कसले आहे हे तपासून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. ॲस्बेस्टॉस निघाले तर ते प्रशिक्षित लोकांकडून, योग्य मुखवटा वापरून, भिजवून काढून घ्यावे. धूळ झाडूने कोरडी लोटू नये आणि त्या कपड्यांनिशी घरी जाऊ नये. असे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे.

आता दुखणे सुरू झाल्यावर काय करायचे? साधी उसण, म्हणजे कंबर धरली, पण पाय ठीक आहेत, ही बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. एक-दोन दिवस ओझे बंद, शेक, सोसेल तेवढे हिंडणे-फिरणे. पूर्वी आम्ही डॉक्टरही तीन-तीन आठवडे फळीवर पडून राहायला सांगत असू. ते चूक होते, त्याने स्नायू दुबळे होतात. "मणक्यात गॅप आहे" या शब्दानेही घाबरू नये. चाळिशीनंतर कंबर न दुखणाऱ्या माणसांच्या फोटोतही असले बदल दिसतात. कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जात असेल, तर नस दबली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. अशांपैकीही बहुतेकजण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात. वेदनाशामक गोळी चार दिवस ठीक. परंतु भट्टीशेजारी घाम गाळत, पाणी न पिता, रोज गोळी खाऊन काम करणे म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ आहे. आणि इंजेक्शनने दुखणे लपते, गादी शिवली जात नाही. हे मी माझ्याच नऊ वर्षांच्या अनुभवावरून लिहीत आहे.

खाली सांगतो त्या खुणा मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवाव्यात. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, किंवा नकळत होऊ लागली, शौचाची जाणीव गेली, मांड्यांच्या मधला आणि बैठकीचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतील ताकद कमी झाली, तर यांतले एक लक्षण दिसले तरी उद्यावर टाकायचे नाही. सरकलेल्या गादीने नसांचा सगळा झुबकाच चेपला गेलेला असतो. इथे हिशेब तासांचा. पहिल्या ४८ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, दाब काढला तर नसा परत येण्याची शक्यता चांगली असते. रात्र असो, रविवार असो, मोठ्या रुग्णालयात जायचे. चोळणे, झटका देणे आणि लाथ मारून घेणे अशा वेळी घातक. पुरुषमंडळी लघवीबद्दल बोलायला लाजतात, म्हणून घरच्यांनी आपणहून विचारावे. एक पाऊल उचलेनासे होऊन चप्पल निसटू लागली, कंबरेबरोबर ताप आला, वजन उतरू लागले, तरीही वेळ न दवडता तपासून घ्यावे.

मिस्त्रीचा शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढा वेळ गेला होता. शस्त्रक्रिया चांगली झाली. पाय तीन महिन्यांत चालते झाले. तो आता पुन्हा कामावर जातो, पण ओझ्याला हात लावत नाही. टेम्पोतून उतरल्यावर पोरांना आधी आवारात फिरवतो, नळकांड्यातल्या माणसाला दर वीस मिनिटांनी बदलतो आणि विटा हाताने मागे न देता घसरपट्टीवरून सोडायला लावतो. हैय्या म्हणणारा तोच. लघवीची जाणीव मात्र पुरती परत आलेली नाही. त्याच्या खिशातल्या मोबाइलवर दर तीन तासांचा गजर लावलेला असतो. तो वाजला की हातातले काम टाकून तो मोरीकडे जातो.